डब्यांच्या स्वयंपाकघरात थर्मामीटर: नागपूर, मार्च ते जून

मानेवाड्याच्या बाजूला आमचं घरगुती डब्यांचं काम आहे. दोन वेळचे मिळून साठेक डबे. बरेचसे मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आसपास खोली करून राहणाऱ्या पोरापोरींचे, काही पेशंटच्या नातेवाइकांचे. बुधवारी आणि रविवारी चिकन. हात तिघींचे: मी, जाऊबाई आणि मावशी. थर्मामीटर घ्यायचं ठरलं ते चिकनपायी. एका पोरीनं डब्यातली तंगडी आतून गुलाबी असल्याचा फोटो पाठवला. हाडाजवळचा गुलाबी रंग शिजलेल्या कोंबडीतही राहू शकतो, पण ते तिला कशाच्या जोरावर सांगणार? आमच्याकडे आकडा नव्हता.

खालचे आकडे आमच्या गॅसचे, आमच्या गंजांचे (पातेल्यांचे) आहेत. पद्धत घ्या, आकडे स्वतः मोजा.

४ मार्च

घरात कोविडच्या वेळचं कपाळाला धरायचं पिस्तूल होतं. जाऊबाईंनी ते वरणावर धरलं. पडद्यावर नुसतं ‘हाय’. ते यंत्र ३२ ते ४३ अंशांच्या आसपासच चालतं, माणसाच्या अंगापुरतं. स्वयंपाकाला शून्य उपयोग. कोणी ‘तेच वापरा की’ म्हणालं तर वेळ घालवू नका.

बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन तीन वस्तू आणल्या. तबकडीवाला काटा ३५० रुपये, पेनासारखा सुईवाला डिजिटल २८० रुपये, आणि लांबून नेम धरायचं इन्फ्रारेड पिस्तूल ११५० रुपये. दुकानदार काचेचा, पाऱ्याचा लॅबवाला थर्मामीटरही दाखवत होता. तो हातात पण घेतला नाही. गंजात काच फुटली तर गंज फेकावा लागतो, पारा सांडला तर स्वयंपाकघर सोडायची वेळ.

५ मार्च: आधी यंत्रांची परीक्षा

काहीही मोजायच्या आधी हे करा. बर्फ बत्त्यानं बारीक फोडला, स्टीलच्या उंच ग्लासात गच्च भरला, फटी बुजतील एवढंच पाणी. पाण्यात तरंगणारे चार खडे म्हणजे बर्फाची परीक्षा नव्हे, तसं केलं तर तीन-चार अंश सहज जास्त दिसतात. सुई मधोमध, बुडाला आणि कडेला न टेकवता, हलवत अर्धा मिनिट. शून्य यायला पाहिजे.

पेनानं ०.३ दाखवलं, ठीक. काट्यानं ४. त्याच्या तबकडीमागं एक नट असतो, तो पक्कडीत धरून तबकडी फिरवली आणि शून्यावर आणला.

मग उकळतं पाणी. इथं अडलो. पेन ९८.७ वर थांबलं, पुढं सरकेना. जाऊबाई म्हणाल्या, परत करून या. पेन बरोबर होतं. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, आणि दर तीनशे मीटरला उकळायचा बिंदू अंदाजे एक अंशानं उतरतो. म्हणजे आपल्याकडे पाणी ९९ च्या आसपासच उकळतं, हवेचा दाब कमी असेल त्या दिवशी आणखी थोडं खाली. ज्याचं यंत्र इथं बरोब्बर १०० दाखवतं, त्यानंच शंका घ्यावी.

काटा शून्यावर लावल्यावर उकळत्या पाण्यात ९४ दाखवत होता. म्हणजे एका टोकाला जुळवला की दुसऱ्या टोकाला चुकतो. शिवाय त्याच्या दांडीवर मध्ये एक खाच असते. टोकापासून त्या खाचेपर्यंतचा सगळा भाग मिळून तो तापमान ओळखतो, पाच-सहा सेंटिमीटर. तंगडीत एवढी दांडी जाणार कुठं? अर्धी बाहेर राहते आणि हवेचं तापमान मिसळून आकडा येतो. खोल गंजातल्या दुधाला चालेल. आमच्याकडून तो बाद. ३५० गेले.

८ मार्च: पिस्तुलाचे रंग

पिस्तूल सगळ्यांना आवडलं, कारण नेम धरायला मजा येते. पण:

खळखळ उकळत्या पाण्याचा घासून लख्ख केलेला स्टीलचा गंज, बाहेरून नेम धरला: ४६ अंश. त्याच गंजाला हात लावून पाहा म्हटलं तर कोणी लावेना. चकचकीत स्टील स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं आणि समोरच्या भिंतीची परत फेकतं, तीच पिस्तूल वाचतं. गंजावर कागदी चिकटपट्टी लावली, ती तापू दिली आणि पट्टीवर नेम धरला: ९१. लोखंडी काळा तवा मात्र नीट वाचतं. मावशींचा तवा पोळीच्या वेळी २१० ते २३० दाखवतो, आणि त्या तव्यावर पाणी शिंपडून ‘झाला’ म्हणतात तेव्हाही तेवढंच. मावशींनी पिस्तुलाकडे बघून विचारलं, “मंग हे काऊन आणलं जी?”

उकळत्या वरणावर वरून धरलं तर ९३, आत सुई ९८. वाफ आडवी येते, भिंगावर बसते, आणि मुळात ते फक्त वरचा पापुद्रा वाचतं. आत काय चाललंय त्याला माहीत नाही.

लाल ठिपका म्हणजे मोजायची जागा, हाही समज सोडा. आमच्या पिस्तुलावर १२:१ लिहिलंय. म्हणजे १२ सेंटिमीटरवरून ते साधारण १ सेंटिमीटर रुंदीचं वर्तुळ वाचतं, मीटरभरावरून आठ सेंटिमीटरचं. लांबून कढईतल्या तेलावर धरलं तर तेल, काठ, गॅस सगळ्याची सरासरी हाती येते.

१२ मार्च: चिकन

बुधवार. रस्सा ९७ वर, तर्री सुटलेली, वरून पाहिलं तर झालं असंच कोणीही म्हणेल. मोठ्या तंगडीत पेन घातलं: ६४. शेजारच्या छोट्या तुकड्यात ८१. एकाच गंजात.

सुई कशी घालायची ते शिकायला पूर्ण दुपार गेली. सगळ्यात मोठा तुकडा निवडायचा. जाड भागात आडवी सुई घालायची. पेनाचा सेन्सर अगदी टोकात असतो, म्हणून टोक मधोमध पाहिजे. आम्ही थोडी जास्त आत ढकलतो आणि हळूहळू मागं ओढतो. वाटेत जो सगळ्यात कमी आकडा दिसेल तो खरा. हाडाला टेकली तर तो आकडा मांसाचा नसतो, काढून परत घालायची. आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. स्वस्त पेनाला आठ-दहा सेकंद लागतात, घाई केली तर शिजलेलंही कच्चं वाटतं.

एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) तपासणी यादीत मांसाहारी पदार्थाच्या गाभ्याला ६५ अंश दहा मिनिटं, ७० अंश दोन मिनिटं किंवा ७५ अंश पंधरा सेकंद असं दिलेलं आहे. आम्ही ७५ पकडतो, लक्षात ठेवायला एकच आकडा बरा. तंगड्या आता आधी गंजात जातात, बाकीचे तुकडे नंतर.

मटणाला याचा फारसा उपयोग नाही, हेही लिहून ठेवते. सावजी मटण ७५ ला कधीच पोचलेलं असतं, पण खाऊन बघा, चिवट. ते मऊ व्हायला नव्वदच्या वर बराच वेळ शिजावं लागतं. तिथं सराट्यानं (उलथन्यानं) दाबून बघणं हेच मोजमाप. कुकरमध्ये तर सुई घालताच येत नाही, आणि आतलं तापमान शिट्टीच्या दाबाला १२० च्या आसपास जातं, काळजी नको.

भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून. चिकनमधली सुई साबणानं धुतली, गरम पाण्यात बुडवली, आणि मी दुधात घालायला गेले. मावशींनी गंज बाजूला ओढला. “धुतली तरी ते कोंबडीचीच सुई हाय.” आमचे निम्मे डबे शाकाहारी, त्यामुळे त्यांचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीनंही बरोबर. पेनाला तपकिरी चिकटपट्टी गुंडाळली, ते फक्त मांसाहाराचं. शाकाहाराला दुसरं घ्यायचं ठरलं. कच्च्या चिकनमध्ये घातलेली सुई न धुता शिजलेल्यात घालायची नाही, हे तर शाकाहार-मांसाहार सोडूनही पाळायलाच हवं.

१९ मार्च: पाक आणि संत्री

मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली, संत्री चालू आहेत, गोड आणि स्वस्त. संत्र्याचा जॅम आणि रव्याचे लाडू, दोन्हींचे पाक मोजले. तपकिरी पट्टीवालं पेन इथं चालणार नव्हतं, म्हणून तसलंच आणखी एक, पुन्हा २८०.

मावशी अंगठा आणि बोट लावून तार बघतात आणि मी आकडा. त्या “एकतार” म्हणाल्या तेव्हा १०४ च्या आसपास होतं. गोळी पाण्यात जमली तेव्हा ११३. दोन्ही वेळा त्या माझ्या आधी होत्या, कारण पेन मागं पडतं. पाक शेवटच्या टप्प्यात भराभर चढतो आणि पेन दहा सेकंद घेतं, तेवढ्यात पाक पुढं जातो. मावशींची बोटं नसतील तर पेनावर हवं त्याच्या एक-दोन अंश आधीच गॅस बंद करावा.

जॅम १०५ ला उतरवा असं लिहिलेलं असतं, ते समुद्रकाठच्या माणसांसाठी. आपल्याकडे पाणीच ९९ ला उकळतं, म्हणून त्यावर पाच अंश, म्हणजे १०४. पहिली बॅच १०५ पर्यंत नेली तर बरणीतून चमचा निघेना. दुसरी १०४ ला उतरवली, बशीवर थेंब टाकून पाहिला, बोटानं ढकलल्यावर सुरकुती पडली. बरोबर.

पेनासोबत आलेली प्लास्टिकची क्लिप कढईच्या काठावर वितळली. कपडे वाळवायचा लाकडी चिमटा घेतला, त्यात पेन पकडलं, काम झालं. सुईचं टोक कढईच्या बुडाला टेकू द्यायचं नाही, बूड पाकापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं.

२७ मार्च

शाकाहारी पेन गेलं. दुधाच्या गंजावर चिमट्याला लावून ठेवलं होतं, वाफ आत शिरली, पडद्यामागं पाणी आणि आकड्यांच्या जागी अर्धवट काड्या. सेल काढून दोन दिवस उन्हात, म्हणजे सावलीतल्या उन्हात ठेवलं. चालू झालं, पण बर्फात ७ दाखवतंय. दुकानदार म्हणाला, याला वॉरंटी नसते. खरं आहे, खोक्यावर कुठंही पाणी चालतं असं लिहिलेलं नव्हतं.

आता नीट बघून मागवलं. एक दुमडता येणारं, आयपी६७ लिहिलेलं, म्हणजे नळाखाली धुता येतं, १७०० रुपये. आकडा तीन-चार सेकंदांत येतो. दुसरं वायरवालं: सुई गंजात, पडदा बाहेर ओट्यावर, ठरावीक तापमानाला शिट्टी, ८५० रुपये. यायला आठवडा.

वायरवाल्याबद्दल एक सूचना: सुई आणि वायर जिथं जोडलेली असते तो सांधा पाण्यात बुडवायचा नाही आणि तिथं वायर मुडपायची नाही. सुई तेवढी पुसायची. तिथूनच ही यंत्रं मरतात.

६ एप्रिल: दही

वायरवालं मुख्यतः यासाठी वापरतोय. दूध उकळून खाली उतरवायचं, शिट्टी ४३ ला लावायची, वाजली की विरजण. आधी कोणाचं तरी लक्ष राहायचं नाही आणि दूध एकदम गार व्हायचं किंवा कोणी घाईत पन्नाशीतच विरजण घालायचं, त्यात विरजणातले जंतू मरायला लागतात आणि दही पाणचट.

हिवाळ्यात ४५ ला लावून गंज पांघरुणात गुंडाळणं बरोबर असेल. आत्ता एप्रिलात स्वयंपाकघरच दुपारी ३८ आहे. दही लागतं चार तासांत, आणि लागल्यावर थांबत नाही, आंबतच जातं. आता विरजण ३९-४० ला, आणि लागलं की लगेच फ्रिजमध्ये. आंबट दह्याच्या तक्रारी कमी झाल्या.

१४ एप्रिल: फ्रिज

सहज म्हणून मोजलं. फ्रिजची हवा मोजू नका, दार उघडलं की ती बदलते. पाण्याचा ग्लास रात्रभर आत ठेवून सकाळी त्या पाण्यात सुई घाला. मागच्या भिंतीजवळ ४, मधल्या फळीवर ७, दारात १२. दुधाच्या पिशव्या आमच्या दारातच असायच्या.

दाराच्या रबरात कागद अडकवून ओढला तर खालच्या कोपऱ्यात अलगद निघाला. रबर बदललं, फ्रिज भिंतीपासून हातभर पुढं ओढला, नॉब वाढवला. मधली फळी ५ वर आली. दूध, दही, भिजवलेली डाळ तिथं. दारात आता लोणचं आणि सॉस.

२९ एप्रिल: वरण

इथपासून या यंत्राचं खरं काम सुरू झालं, आणि मी ज्यासाठी ते आणलं होतं त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

आम्ही वरण सकाळी एकदाच लावायचो. साधारण दहा किलो जास्तीचं, संध्याकाळच्या डब्यांसाठी. बारा वाजता झाकण ठेवून ओट्यावर, सात वाजता उकळी आणून फोडणी. वर्षानुवर्षं असंच. आज वायरवाली सुई आत सोडून ठेवली आणि तासातासाला लिहिलं.

बारा वाजता ९०. दोन वाजता ७१. चार वाजता ५९. सहा वाजता ५१. स्वयंपाकघराची हवा दुपारभर ४१.

एफएसएसएआयच्या यादीप्रमाणे शिजलेलं अन्न थंड करून ठेवायचं असेल तर ६० वरून २१ वर दोन तासांत, आणि तिथून ५ वर आणखी दोन तासांत आलं पाहिजे. गरम ठेवायचं असेल तर शाकाहारी ६५ च्या वर, मांसाहारी ७० च्या वर. आमचं वरण ना इकडे ना तिकडे. आणि २१ वर ते जाणार कसं? घरातली हवाच ४१ असेल तर वरण जन्मात ४१ च्या खाली जाणार नाही. पुण्या-नाशिकच्या लोकांनी ‘गार होऊ द्या आणि फ्रिजमध्ये ठेवा’ म्हणणं सोपं आहे. फ्रिजमध्ये असं गरम ठेवलं तर दुधाच्या पिशव्या तापतात, तेही मोजून झालं: मधली फळी तासाभरात ११.

३० एप्रिल ते ८ मे: थंड करायचे प्रयोग

नळाच्या पाण्याचा टब. गंज त्यात ठेवला. मग पाणी मोजलं. गच्चीवरच्या टाकीतून येणारं, दुपारी एक वाजता, ४३. त्यात हात धुताना कळतंच ना आपल्याला, तरी आकडा बघेपर्यंत कोणी विचार केला नाही. बाद.

माठाचं पाणी २७. छान, पण माठ केवढा आणि गंज केवढा.

कूलरसमोर. वरण तीन परातींत पसरलं, चार-पाच सेंटिमीटर जाडी, वर ओलं मलमल. कूलरची हवा आमच्याकडे २९ येते. हे खरंच चाललं: ९० वरून ६० वर पाऊण तासात. उंच गंजात याला चार तास लागत होते. खोली बदलली नाही, गॅस बदलला नाही, फक्त वरणाची जाडी बदलली. पण पुढं परत चाल मंदावते, ४० पर्यंत येऊन अडतं. आणि कूलरच्या पाण्याचा शिंतोडा अन्नावर उडायला नको म्हणून परात बरीच मागं ठेवावी लागते. रोज कूलरची टाकी घासणार कोण, हा प्रश्न घरात अजून सुटलेला नाही.

बर्फाची लादी. बाजारातून आणली, फोडून टबात, त्यात गंज. उत्तम उतरतं. हिशेब करून पाहिला: दहा किलो वरण ६० वरून २१ वर आणायला चार किलोच्या आसपास बर्फ वितळावा लागतो, आणि आमच्या हवेत तितकाच नुसता वाया जातो. म्हणजे रोज सात-आठ किलो, रोज आणायचा. निळा बर्फ दिसला तर तो खाण्याचा नव्हे, २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आहे. टबात बाहेरून तो चालतो, पण आत थेंब जाता कामा नये. चार दिवसांत कंटाळलो.

गोठवलेल्या बाटल्या. बाहेरून घासून धुतलेल्या, वरणात सोडून ढवळायचं. चालतं, पण पोटात बर्फ असलेली बाटली किती लवकर निरुपयोगी होते ते पाहून हसू आलं. साठाव्या अंशाच्या खाली घालावी, गरम वरणात प्लास्टिक घालायचं मन होत नाही.

शेवटी जाऊबाईंनी काढलेली युक्ती: पाण्याऐवजी बर्फच घालायचा. वरण आधीच घट्ट शिजवायचं, सहा किलोचं. परातींत पसरून ६५ पर्यंत आणायचं. आदल्या रात्री उकळून गार केलेलं पाणी स्टीलच्या डब्यांत गोठवून ठेवलेलं असतं, अडीच किलो, आमच्या फ्रीझरमध्ये तेवढंच मावतं. तो बर्फ थेट वरणात. ढवळत राहिलं की दहा मिनिटांत २४. तिथून उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये, आणि संध्याकाळी उरलेलं पाणी घालून खळखळ उकळी. चवीत फरक नाही, उलट सात तास ओट्यावर बसून यायचा तो आंबूस वास गेला. त्या वासाला आम्ही इतकी वर्षं उन्हाळ्याचं वरण असंच असतं म्हणत होतो.

२१ नाही आलं, २४ आलं. फ्रिजमध्ये पुढच्या पावणेदोन तासांत ७. यादीपेक्षा थोडं मागं. फ्रीझर मोठा घेणं परवडत नाही, म्हणून हे इथंच थांबलंय.

९ मे: भात

भात थंड करण्याचा नादच सोडला. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ती वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा तापवून जात नाही. म्हणजे संध्याकाळी कितीही वाफ आणली तरी दुपारची चूक सुधारत नाही. संध्याकाळचा भात संध्याकाळीच. गॅसचा खर्च थोडा वाढला, मावशींचा अर्धा तास वाढला. त्या कुरकुरल्या, पण दुपारी उरलेल्या भाताचं काय हे आता त्याच विचारतात.

१६ मे: डबा पोचेपर्यंत

पोचवणाऱ्या दादांकडे एक जास्तीचा डबा दिला, शेवटच्या घरी पोचल्यावर उघडून सुई घालायची. साध्या स्टीलच्या डब्यात ८० ला भरलेलं वरण दीड तासानं ५४. बाहेर ४४ अंश असून. दुहेरी भिंतीच्या डब्यात तेच ६८.

सगळे डबे बदलायला पैसे नाहीत. केलं एवढंच: वरण-भाजी उकळीवरून थेट डब्यात, ९० च्या वर. डबे आधी गरम पाण्यानं विसळलेले. पिशवीच्या आतून जुनी गोधडी शिवून अस्तर. आणि मेडिकलच्या बाजूचे डबे शेवटी भरायचे, आधी भरून ओट्यावर ठेवायचे नाहीत. दुसऱ्यांदा मोजलं: ६३. चिकनसाठी ही पद्धत पुरेशी नाही, म्हणून चिकनचे डबे तेवढे दुहेरी भिंतीचे घेतले. तो खर्च यंत्राच्या हिशेबात धरत नाही.

२६ मे: नवतपा

काल नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागला. दुमडतं यंत्र शेगडीजवळ ठेवलं होतं, पडदा पूर्ण काळा. कागदावर बघितलं तर चालायचं तापमान ५० पर्यंत, आणि शेगडीशेजारी ओटा ५२ होता. सावलीत आणल्यावर अर्ध्या तासात पडदा परत आला. आता ते आतल्या भिंतीवर, पाण्याच्या माठाच्या वर खिळ्याला टांगलेलं असतं.

पिस्तुलाचा उलटा त्रास. कूलरच्या खोलीतून आणून लगेच तव्यावर धरलं तर आकडा भलताच, वीस मिनिटांनी ठीक. त्याचा स्वतःचा देह खोलीच्या तापमानाला यावा लागतो. म्हणून ते स्वयंपाकघरातच राहतं.

पुन्हा बर्फाची परीक्षा केली. दुमडतं ०.१, वायरवालं ०.८, तपकिरी पेन १.५. पेनाचा बटण सेल बदलला, तरी १.२. त्याच्या पट्टीवर ‘एक वजा’ असं लिहून ठेवलं. महिन्यातून एकदा ही परीक्षा, आणि यंत्र ओट्यावरून पडलं की त्याच दिवशी.

१४ जून

पाऊस आला, भजी झाली. तेल मोजलं. सुई १७६ म्हणते आणि वरून पिस्तूल १६९, तेल ढवळलं की दोघं जुळतात. कांदाभजीचा एक घाणा सोडला की तेल १५० च्या खाली येतं आणि भजी तेल पितात. घाणा निम्मा केला तर १६२ वरच राहतं. मावशींनी गॅस वाढवून भागवायचा प्रयत्न केला, तेव्हा पुढच्या घाण्याला तेल १९८ वर गेलेलं होतं.

हिशेब: काटा ३५०, पेनं दोन ५६०, पिस्तूल ११५०, दुमडतं १७००, वायरवालं ८५०. एकूण ४६१०. आज सुरुवात करायची असती तर दुमडतं, वायरवालं आणि मांसाहाराला एक स्वस्त पेन, २८३० मध्ये भागलं असतं. डबे कमी असतील तर एकटं दुमडतं पुरे. पिस्तूल तव्याला आणि फ्रिजच्या कोपऱ्यांवर नजर टाकायला वापरतो, पण ते नसतं तरी काही अडलं नसतं.

चकलीचं तेल मोजायचं राहिलंय, ते दिवाळीला. फ्रीझरचं बघतोय, जुना मोठा कुठं मिळाला तर वरण २१ वर येतं का ते लिहीन.